कोल्हापूरची प्रजा परिषद आणि शेजारचा ‘खालसा’

कोल्हापूर हे १९४९ पर्यंत वेगळं संस्थान होतं, हे आज मुलांना सांगावं लागतं. शेजारच्या इंग्रजी अमलातल्या मुलखाला आमच्या मंगळवार पेठेतली जुनी माणसं ‘खालसा’ म्हणायची. त्या खालसात, म्हणजे मुंबई प्रांतात, १९३७ ला निवडणूक होऊन बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं. मत मोजक्याच लोकांना होतं, पण सरकार निवडलेलं होतं. इकडे शेवटचा शब्द दरबाराचा.

फेब्रुवारी १९३९ मध्ये जयसिंगपूरला प्रजा परिषद स्थापन झाली. माधवराव बागल आणि रत्नाप्पा कुंभार ही त्यातली मोठी नावं. मागणी जबाबदार राज्यपद्धतीची होती: महाराज गादीवर राहोत, पण कारभाऱ्यांनी लोकांच्या प्रतिनिधींना जाब द्यावा.

आता कुणी विचारेल, शाहू महाराजांच्या राज्यात आपल्याला काय कमी होतं? प्रश्न रास्त आहे. १९०२ चा पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम मुसलमानांनाही लागू होता, १९०६ ला मुस्लिम बोर्डिंग उभं राहिलं. पण हे सगळं राजा दिलदार म्हणून मिळालं. १९२२ ला महाराज गेले. पुढचा राजा तसाच निघेल याची हमी कोण देणार? परिषदेचा मुद्दा हाच होता, आणि तो आम्हाला पटतो.

बाहेरून मदत कशी करायची, यावर काँग्रेसमध्येही वाद होता. १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनात ठरलं की संस्थानातला लढा तिथल्या प्रजेनं स्वतःच्या संघटनेतून लढवावा, काँग्रेसच्या नावानं नको. नातं मात्र घट्ट ठेवलं. संस्थानी प्रजेच्या अखिल भारतीय परिषदेचे १९३९ चे अध्यक्ष खुद्द जवाहरलाल नेहरू होते. औंधसारख्या ७२ गावांच्या संस्थानात तर राजानंच गांधीजींचा सल्ला घेऊन त्याच वर्षी सत्ता ग्रामपंचायतींकडे सोपवली. असा राजा विरळाच!

दख्खनमधली बहुतेक संस्थानं मार्च १९४८ मध्ये मुंबई प्रांतात गेली. कोल्हापूर १ मार्च १९४९ ला विलीन झालं. रत्नाप्पा कुंभार तेव्हा घटना समितीत होते. १९५१-५२ च्या निवडणुकीत शिक्षण, मिळकत, मजहब काही न विचारता मत मिळालं, संस्थानात जन्मलेल्या आपल्या दादी-नानींनासुद्धा.