प्रार्थना कशी करावी? हन्नापासून केडगावपर्यंत

आपल्या गटांत देवळात जाणाऱ्या, नमाज पढणाऱ्या, बुद्धवंदना घेणाऱ्या आणि चर्चला जाणाऱ्या अशा सगळ्याच बाया आहेत. ख्रिस्ती मैत्रीण डोळे मिटून बसते तेव्हा ती काय करते, तिच्या बायबलात त्याबद्दल काय सांगितलंय, हे बाकीच्यांना फारसं ठाऊक नसतं. आज आम्ही त्याचा इतिहास सांगणार आहोत, आणि तो बायांच्या बाजूनं सांगणार आहोत.

सुरुवात हन्नापासून करू. ही बायबलाच्या जुन्या करारातली, म्हणजे येशूच्याही हजारभर वर्षं आधीची गोष्ट. एलकाना नावाच्या माणसाला दोन बायका. पनिन्नाला लेकरं होती, हन्नाला नव्हती. दरवर्षी सगळं कुटुंब शिलो इथल्या देवस्थानाला जाई आणि दरवर्षी सवत हन्नाला टोचून टोचून रडवी. नवरा जीव लावणारा होता, पण आपण असताना हिला मुलांची काय उणीव, असं त्याला वाटे. आता यावर बाईनं काय बोलावं! एकदा ती जेवणावरून उठली, देवस्थानात गेली आणि रडत रडत मनातलं सगळं देवापुढं ओतलं. ओठ हलत होते, आवाज नव्हता. दाराशी बसलेल्या एली याजकाला वाटलं, बाई दारू पिऊन आली आहे. त्यानं तिला झापलं. हन्नानं मान खाली घालून निमूट ऐकून घेतलं नाही. आपण प्यायलेलो नाही, दुःखानं भरून आलोय, असं तिनं त्याला नीट सांगितलं. मग तोच तिला आशीर्वाद देऊन मोकळा झाला. पुढे तिला शमुवेल नावाचा मुलगा झाला.

या गोष्टीचं पुढे काय झालं तेही ऐका. प्रार्थना कशी करावी याचे नियम ज्यू धर्मपंडितांनी नंतर ठरवले, तेव्हा त्यांनी उदाहरण घेतलं ते हन्नाचं. मन लावून करावी, ओठ हलवावेत, पण आरडाओरडा करू नये, हे त्यांनी तिच्याकडून घेतलं. ज्या बाईला पुजाऱ्यानं दारुडी ठरवलं, तिच्याकडून!

येशू याच ज्यू परंपरेत वाढला. मत्तयाच्या पुस्तकात, सहाव्या अध्यायात, त्याची शिकवण आहे. चार लोकांनी बघावं म्हणून चौकात उभं राहून प्रार्थना करू नका, आतल्या खोलीत जाऊन दार लावा, असं तो सांगतो. ही आतली खोली म्हणजे काय? मूळ ग्रीक शब्दाचा एक अर्थ कोठीघर असा आहे, जिथं धान्यधुन्य ठेवतात ती जागा. गरिबाच्या घरात वेगळं देवघर कुठून असणार? पण कणग्या, मडकी ठेवायचा कोपरा असतो, आणि तिथला वावर बाईचाच. आम्हाला हे वाचून फार बरं वाटलं. फार बडबड करू नका, असंही तो म्हणतो. मागायच्या आधीच देवाला तुमची गरज माहीत असते.

मग तो एक छोटी प्रार्थना शिकवतो. तिला प्रभूची प्रार्थना म्हणतात आणि जगभरातले ख्रिस्ती लोक ती म्हणतात. तिच्यात ‘माझं’ हा शब्द नाही, सगळीकडे ‘आमचं’ आहे. मागणं आहे ते भाकरीचं, तेही आजच्यापुरतं. आणि आपल्या बचत गटांनी कान द्यावा अशी एक गोष्ट तिच्यात आहे. मत्तयाच्या पुस्तकात क्षमा मागताना जो शब्द आलाय, त्याचा सरळ अर्थ कर्ज असा आहे. आमचं ऋण सोड, आम्हीही आमच्या ऋणकऱ्यांचं सोडलंय, असा तो भाव. लूकच्या पुस्तकात त्या जागी पाप हा शब्द आहे. पण गालीलातल्या शेतकऱ्याला कर, खंड आणि सावकारी नवी नव्हती. कर्ज म्हटल्यावर त्याच्या पोटात काय कालवलं असेल, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

लूकच्याच पुस्तकात येशू एका विधवेची गोष्ट सांगतो. गावात एक न्यायाधीश असतो, देवाला न भिणारा आणि माणसांची पर्वा नसणारा. ही विधवा न्याय मागायला रोज त्याच्याकडे खेटे घालते. शेवटी तो वैतागतो आणि तिचा निवाडा करून टाकतो. ही आपल्याला हैराण करून सोडेल, असं तो मनाशी म्हणतो. तिथला ग्रीक शब्द कुस्तीच्या आखाड्यात शोभेल असा आहे, डोळ्याखाली ठोसा मारणं! प्रार्थना करताना धीर सोडू नये म्हणून येशूनं ही गोष्ट सांगितली, असं लूक लिहितो. तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवलेल्या बाईला ती पहिल्या झटक्यात कळेल.

आता एक अडचणीचं. पौलानं करिंथ शहरातल्या मंडळीला पत्र लिहिलं. त्यात एका ठिकाणी सभेत प्रार्थना करणाऱ्या बाईनं डोकं झाकावं असं आहे, म्हणजे बाया सर्वांसमक्ष प्रार्थना करत होत्या हे त्यानं धरूनच चाललंय. त्याच पत्रात थोडं पुढे बायांनी सभेत गप्प राहावं असंही आहे. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा यावर आजही वाद चालतो. चर्चमध्ये शतकानुशतकं दुसरंच वाक्य जास्त वापरलं गेलं, यात आम्हाला नवल वाटत नाही. पण याच पत्रात पौल आणखी एक सांगतो. न कळणाऱ्या भाषेतल्या दहा हजार शब्दांपेक्षा कळणारे पाच शब्द त्याला मोलाचे वाटतात.

हे ज्यांनी मनावर घेतलं त्या आपल्या पंडिता रमाबाई. जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई. आईनं मुलीला संस्कृत शिकवलं. हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरून देवळांत पुराणं वाचायचं. वाचन संस्कृतात चाले आणि ऐकणाऱ्यांना अर्थ कळत नसे, हे रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलंय. दुष्काळात आईवडील गेले. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढे पुणे जिल्ह्यात केडगावला मुक्ती सदन उभं केलं. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो उपाशी मुली, विधवा आणल्या. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या हजारावर गेली.

1905 च्या जानेवारीत त्यांनी रोज प्रार्थनेला कोण बसेल असं विचारलं. सुमारे 70 जणी आल्या, मग वाढत गेल्या. त्या वर्षाच्या मध्याला मुली मोठ्यानं रडू लागल्या, सगळ्या एकदम, आपापल्या शब्दांत प्रार्थना करू लागल्या. काही परदेशी मिशनऱ्यांना हा गोंगाट रुचला नाही. रमाबाईंनी मुलींना थांबवलं नाही. देवानं हिंदी माणसांत आपल्या रीतीनं काम का करू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. कोठीघरातली मूक प्रार्थना एकीकडे आणि केडगावचा कल्लोळ दुसरीकडे, मग यात बायबलाप्रमाणे कोणती? हन्नाही रडलीच होती. दिखावा नव्हता, एवढं दोन्हीकडे सारखं.

रमाबाईंनी दुसरं काम हाती घेतलं ते बायबलाच्या भाषांतराचं. आधीची मराठी भाषांतरं होती, पण त्यातली संस्कृत वळणाची भाषा केडगावच्या मुलींना जड जाई. म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मुळावरून साधं मराठी लिहू लागल्या. स्पष्टच सांगायचं तर त्यांची वाक्यं कधी कधी मुळाला इतकी चिकटतात की अडखळायला होतं, आणि चर्चमध्ये ते भाषांतर फारसं रुळलंही नाही. तरी एका बाईनं एकटीनं सबंध बायबल पार करावं, हे केवढं काम! 1921 मध्ये त्यांची एकुलती मुलगी मनोरमा वारली, तेव्हाही त्या लिहीत आणि तपासत होत्या. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या. सबंध बायबल 1924 मध्ये केडगावच्या मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं. त्या छापखान्यात खिळे जुळवायला, छापायला आणि बांधणीला सदनातल्याच मुली होत्या.