गॉसफर्थ क्रूस

इंग्लंडच्या वायव्येकडील कम्ब्रिया परगण्यात, गॉसफर्थ गावच्या सेंट मेरी चर्चच्या आवारात उभा असलेला कोरीव दगडी क्रूस. काळ दहाव्या शतकाचा पूर्वार्ध. तांबूस वालुकाश्माच्या या सडपातळ स्तंभाची उंची सुमारे ४.४ मीटर आहे. स्तंभ खाली गोल, वर चौकोनी असून माथ्यावर कडे असलेला क्रूस आहे.

दगडी क्रूस उभारण्याची प्रथा व्हायकिंगांनी येथे आणलेली नाही. रथवेल आणि ब्यूकॅसल येथील अँग्लो-सॅक्सन क्रूस गॉसफर्थच्या कितीतरी आधीचे आहेत. दहाव्या शतकात आयर्लंड व आइल ऑफ मॅनमार्गे आलेले नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियन, लोक या किनाऱ्यावर स्थायिक झाले, ख्रिस्ती झाले आणि त्यांनी स्थानिक प्रथा उचलली. कथा मात्र आपल्या ठेवल्या.

पश्चिम बाजूला तळाशी हातपाय जखडलेला, नॉर्स पुराणकथांतला कपटी देव लोकी पडलेला दिसतो. त्याच्या डोक्याशी साप आहे. सापाचे विष नवऱ्याच्या तोंडावर पडू नये म्हणून पत्नी सिगिन हातात वाडगा धरून बसली आहे. पूर्वेला देवांचा प्रमुख ओडिन याचा पुत्र विदार लांडग्याच्या, म्हणजे फेनरिरच्या, जबड्यात पाय रोवून तो फाडतो आहे. त्याच बाजूला खाली ख्रिस्ताचे क्रूसारोहण आहे. ख्रिस्ताचे हात पसरलेले आहेत, पण मागे क्रूस कोरलेला नाही. खाली एकीकडे भालाधारी पुरुष, दुसरीकडे पायघोळ वस्त्रातली, मागे केसांची शेपटी सोडलेली स्त्री. ती मेरी मॅग्डालीन असावी असे काही अभ्यासक मानतात; पण तिची घडण थेट स्कँडिनेव्हियन आहे.

दोन धर्मांची ही सरमिसळ कारागिराच्या गोंधळातून झाली, असे मानणे त्याच्यावर अन्याय करणारे ठरेल. जुन्या देवांचे जग रॅग्नारोकच्या युद्धात संपते, दुष्ट शक्तीचा पराभव होतो आणि नवे जग उगवते. ही कथा ज्यांना तोंडपाठ होती, त्यांना ख्रिस्ताचा मृत्यू आणि विजय समजावण्यासाठी तिच्याइतके जवळचे साधन दुसरे नव्हते. निवड विचारपूर्वक केलेली आहे. शिवाय या कथा आइसलँडच्या स्नॉरी स्टुर्लुसनने तेराव्या शतकात लिहून काढल्या; दगडात त्या सुमारे तीनशे वर्षे आधीच आल्या होत्या. क्रूसाचे खरे मोल येथे आहे.

१८८० च्या दशकात चार्ल्स अरुंडेल पार्कर आणि विल्यम स्लेटर कॅल्व्हर्ली यांच्या अभ्यासातून या शिल्पांचा नॉर्स अर्थ पुढे आला. कॅल्व्हर्लींनी ॲस्पाट्रियाच्या चर्चच्या आवारात क्रूसाची दगडी प्रतिकृतीही उभारली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्याची प्लास्टरची प्रतिकृती आहे. मूळ क्रूस उघड्यावर असून पावसापाण्याने झिजला आहे. बारकावे पाहायचे तर तिरप्या उन्हात पाहावेत. चर्चच्या आत नॉर्स देव थॉर मासेमारी करीत असल्याचे दाखवणारा दगडही आहे, तो चुकवू नये.