जाहिरातीचा पैसा आणि वाचकाची वाट

गिरगावात १९०५ साली बी. दत्ताराम आणि कंपनी ही जाहिरात संस्था सुरू झाली. भारतातल्या सर्वांत जुन्या जाहिरात संस्थांमध्ये तिची गणना होते. अशा संस्थांचे काम समजायला सोपे. दुकानदाराकडून मजकूर घ्यायचा, तो वृत्तपत्रात छापून आणायचा आणि मधले कमिशन ठेवायचे. पुढे हे कमिशन शेकडा १५ असे रूढ झाले. १९२३ साली नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी 'नवाकाळ' सुरू केला, आणि हे पत्रही गिरगावचेच म्हणून ओळखले गेले. परळ-लालबागच्या चाळींत एक अंक विकत घेतला जाई आणि वाचणारे मात्र अनेक असत.

वृत्तपत्राच्या विक्रीतून कागदाचा खर्चही जेमतेम निघतो. बाकीचा भार जाहिराती उचलतात. जाहिरात देणारा विचारतो, "तुमचे वाचक किती?" या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर मिळावे म्हणून १९४८ साली मुंबईत 'ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स' ही संस्था स्थापन झाली. तिचे लोक खपाचे हिशेब तपासून आकडा देत. खप घसरलाच तर मालक दादर स्टेशनाबाहेरच्या विक्रेत्याला जाऊन विचारू शकत होता, "काय हो, अंक परत का येतात?" आणि त्याला काहीतरी उत्तर मिळत असे.

आज संकेतस्थळावर लिहिणाऱ्याचेही पोट याच तत्त्वावर चालते. वाचक येतात, जाहिराती दिसतात, पैसे मिळतात. फरक पडला आहे तो वाचकाच्या वाटेत. ही वाट आता बहुतांशी शोधयंत्रातून, म्हणजे सर्च इंजिनमधून जाते. त्या वाटेला कोणी वळण दिले तर काय होते, हे पाहण्याआधी पुण्यातली एक जुनी हकीकत सांगायला हवी. बाहेरच्या नियमाने जाहिरातीचे उत्पन्न कसे हलते, याचा तिच्याइतका स्वच्छ हिशेब आम्हाला दुसरीकडे सापडला नाही.

१९६० साली केंद्र सरकारने एक आदेश काढला. दैनिकाने किती किमतीला किती पाने द्यायची, हे त्याने ठरवून दिले. जाहिरातींच्या जागेवर मर्यादा घालण्याची सोयही मूळ १९५६ च्या कायद्यात होती. छोट्या पत्रांना मोठ्यांच्या स्पर्धेतून वाचवणे हा हेतू सांगितला गेला. डॉ. ना. भि. परुळेकरांचा 'सकाळ' तेव्हा ७ नव्या पैशांना मिळे. रविवार सोडून आठवड्याच्या सहा दिवसांत तो ३४ पाने देई आणि त्यातली सुमारे ४० टक्के जागा जाहिरातींची असे. नव्या आदेशाप्रमाणे त्याच किमतीत २४ पानेच देता आली असती. पाने राखायची तर किंमत वाढवायची; किंमत वाढली की खप घटणार, आणि खप घटला की जाहिराती जाणार. 'सकाळ' सर्वोच्च न्यायालयात गेला. सप्टेंबर १९६१ मध्ये न्या. मुधोळकरांनी लिहिलेल्या निकालाने आदेश आणि त्यामागची कलमे रद्द केली. जाहिराती तोडल्या की किंमत वाढते, खप घटतो आणि म्हणून अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यालाच धक्का लागतो, हे न्यायालयाने मान्य केले.

या हकीकतीत नियम छापील होता, तो कोणी केला हे माहीत होते आणि दाद मागायला जागा होती. हे तिन्ही मुद्दे ध्यानात ठेवून पुढे वाचावे.

१९९८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातले लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी गूगल कंपनी स्थापन केली. त्यांची कल्पना शिक्षकांना पटेल अशी होती. एखाद्या पानाकडे इतर किती पाने दुवा देतात, हे मोजायचे. आणि दुवा देणारे पान स्वतः मान्यवर असेल तर त्याच्या मताला जास्त वजन द्यायचे. नवा डॉक्टर शोधताना आपण चार ओळखीच्यांना विचारतो, त्यात जाणत्याचा शब्द अधिक धरतो, तसेच हे. २००३ साली याच कंपनीने 'अ‍ॅडसेन्स' ही सेवा आणली. तिच्यामार्फत कोणत्याही लहान संकेतस्थळावर जाहिराती लागू लागल्या. जाहिरातदाराने दिलेल्या रकमेतला ६८ टक्के हिस्सा संकेतस्थळाच्या मालकाला मिळतो, हे कंपनीने २०१० मध्ये जाहीर केले. म्हणजे मधला हिस्सा १५ चा ३२ झाला होता. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की दादरचा विक्रेता आणि गिरगावची जाहिरात संस्था आता एकाच घरात राहायला आली होती.

एक काल्पनिक हिशेब करू. परळच्या एका शिक्षिकेने भूमितीची प्रमेये समजावणारे संकेतस्थळ काढले. महिन्याला ६०,००० वेळा पाने उघडली जातात. त्यातली ४५,००० शोधयंत्रातून, बाकी थेट. हजार पानांमागे ४० रुपये मिळतात असे धरले तर उत्पन्न २,४०० रुपये. संकेतस्थळ चालवण्याचा खर्च ५०० रुपये, शिल्लक १,९००. आता शोधयंत्राने क्रम बदलला आणि हे पान पहिल्या क्रमांकावरून सहाव्यावर गेले. यादीत खाली जाऊन पाहणारे थोडेच, म्हणून तिकडून येणारे वाचक निम्मे झाले. एकूण ३७,५०० पाने, उत्पन्न १,५००, खर्च तोच, शिल्लक १,०००. वाचक सुमारे ३८ टक्के घटले, पण हातात उरणारी रक्कम ४७ टक्क्यांनी घटली. प्रमेयात मात्र एका अक्षराचीही चूक झालेली नव्हती.

क्रम बदलतात ते लहरीने नव्हे. दुव्यांवर पैसा मिळतो म्हटल्यावर लोक दुवे विकू लागले, ढिगाने भरताड लेख लिहवून घेऊ लागले. त्याला आळा घालण्यासाठी फेब्रुवारी २०११ मध्ये 'पांडा' नावाचा बदल झाला. अमेरिकेतल्या ११.८ टक्के प्रश्नांची उत्तरे त्याने हलली, असे कंपनीनेच सांगितले. एप्रिल २०१२ मध्ये खोट्या दुव्यांविरुद्ध 'पेंग्विन' आला. हे बदल गरजेचे होते, असे आमचे मत आहे. पण सुक्याबरोबर ओलेही जळते. कोणत्या कारणाने किती गुण कापले, हे उत्तरपत्रिकेवर लिहिलेले नसते. आणि सविस्तर लिहिले तर लबाड माणूसच ते आधी वाचेल, हीदेखील खरी अडचण आहे.

मराठीची कथा निराळी. सुरुवातीच्या काळात अनेक मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे स्वतःचे वेगळे फॉन्ट वापरत. पडद्यावर मराठी दिसे, पण संगणकाच्या पोटात ती रोमन अक्षरांची खिचडी असे. शोधयंत्राला 'लालबाग' हा शब्द तिथे सापडतच नसे. युनिकोड रुळल्यावर हा मजकूर त्याला वाचता येऊ लागला. 'अ‍ॅडसेन्स'ने मराठीला अधिकृत मान्यता दिली ती २०१८ साली, म्हणजे इंग्रजीनंतर तब्बल पंधरा वर्षांनी. वाट खुली व्हायलाच इतका उशीर झाला.

जानेवारी २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलविरुद्ध चौकशीचा आदेश दिला. वृत्तसंस्थळांच्या मालकांच्या संघटनेने तक्रार केली होती की निम्म्याहून अधिक वाचक गूगलमार्फत येतात, आणि जाहिरातीच्या पैशाचा हिशेब मात्र उघड होत नाही. 'सकाळ'च्या खटल्यात समोर सरकार होते. इथे एक खासगी कंपनी. त्यामुळे अभिव्यक्तिस्वातंत्र्याऐवजी बाजारातल्या मक्तेदारीचा कायदा पुढे करावा लागला.

मे २०२४ मध्ये अमेरिकेत आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात, इथे इंग्रजी व हिंदीत, आणखी एक बदल आला. शोधयंत्र आता अनेक प्रश्नांना यंत्राने रचलेले उत्तर यादीच्या वरच देते. त्यासाठीचा मजकूर इतरांच्या संकेतस्थळांवरून येतो. दुवे दिलेले असतात, पण उत्तर मिळाल्यावर दुवा उघडायचा कशाला? आमच्या परळच्या शिक्षिकेचे पान मग पहिल्या क्रमांकावर असूनही न उघडलेले राहू शकते.

हे वर्गात पडताळून पाहता येईल. नववी-दहावीच्या मुलांना दहा प्रश्न द्यावेत: पाच माहितीचे, जसे की पाण्याची घनता किती, आणि पाच समजावून सांगण्याचे. प्रत्येक प्रश्न शोधून मुलांनी तक्त्यात तीन गोष्टी लिहाव्यात: उत्तर शोधयंत्राच्या पानावरच मिळाले का, एखादे संकेतस्थळ उघडले का, आणि तिथे जाहिरात होती का. मराठीत आणि इंग्रजीत असे दोन तक्ते करून ते शेजारी-शेजारी ठेवावेत. तीन महिन्यांनी तेच प्रश्न पुन्हा शोधावेत.