पाणसळ ते सरफेस प्लेट

पृष्ठभाग घासून सपाट करणे एकवेळ जमते. तो सपाट झाला हे कशावरून ठरवायचे, ही खरी अडचण. पट्टी लावून पाहावे, तर ती पट्टी सरळ असल्याची खात्री आधी कोणी केली? यावरचे सर्वांत जुने उत्तर म्हणजे पाणी. दिशा ठरवण्यासाठी शंकू, म्हणजे सावली पाडणारा खुंट, उभा करायचा तो पाण्याने पातळी तपासलेल्या शिळेवर, असे सूर्यसिद्धान्त सांगतो. भास्कराचार्यांनीही ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत शंकूभोवती वर्तुळ काढण्याआधी जमीन पाण्याने समतल करायला सांगितली. कारण उघड आहे. जमीन कलती असेल तर सकाळची आणि दुपारनंतरची सावली वर्तुळाला भलत्याच ठिकाणी शिवते आणि पूर्व-पश्चिम रेषा तिरपी येते.

मराठवाड्यातल्या कन्नडहून औट्रम घाट उतरला की चाळीसगाव तालुका लागतो. तिथल्या पाटणच्या शिलालेखानुसार भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी तेराव्या शतकाच्या आरंभी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख १८६५ मध्ये अभ्यासकांपुढे आणला. समतल जमिनीचा धडा या घाटाखाली गिरवला गेला असणार. परिघाचा शंभरावा भाग सपाटच दिसतो, म्हणून पृथ्वी सपाट भासते, असेही भास्कराचार्यांनी लिहून ठेवले आहे. तो हिशेब पाण्यालाही लागू पडतो. एक मीटर रुंदीच्या पाण्याला पृथ्वीच्या गोलाईमुळे येणारा फुगवटा मिलिमीटरच्या सुमारे ५०,००० व्या भागाइतका असतो. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १८९३ मध्ये काचेची सपाटी पाण्याच्या पृष्ठाशीच ताडून पाहिली, ती याच भरवशावर.

घाटाच्या वरच्या अंगाला, कन्नड तालुक्यातच, पितळखोऱ्याची लेणी आहेत. ती पाटणच्या मठाहून हजाराहून अधिक वर्षांनी जुनी. तिथल्या भिंतींना डोळ्याला पटेल एवढी सपाटी पुरेशी होती. यंत्रांना ती पुरत नाही.

लोखंडाची सपाटी एकोणिसाव्या शतकात हाती आली. लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले यांच्या कारखान्यात कामगारांच्या बाकांवर तपासणीच्या सपाट पाट्या असत. तिथेच काम शिकलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये ग्लासगो येथे आपली पद्धत मांडली. दोन पाट्या एकमेकींवर घासल्या तर एक खोलगट आणि दुसरी फुगीर होऊनही त्या तंतोतंत बसतात. म्हणून तीन पाट्या घ्यायच्या आणि आळीपाळीने प्रत्येक जोडी जुळवायची. फुगीर पाटी फुगीर पाटीवर बसत नाही, त्यामुळे तिन्ही जुळल्या की तिथे फुगवटा उरत नाही. पीळ मात्र उरू शकतो. तो काढायला जोडी काटकोनात फिरवूनही जुळवावी लागते. व्हिटवर्थ यांचा दुसरा आग्रह घासण्याऐवजी खरवडण्याचा होता. पाटीवर निळ्या रंगाचा पातळ हात द्यायचा, दुसरी पाटी टेकवून किंचित सरकवायची आणि जिथे रंग उमटेल तेवढाच उंचवटा स्क्रेपरने काढायचा. रंग जाड झाला की खड्डेही निळे होतात आणि फिटर फसतो. या सगळ्यात मोजपट्टी कुठेच नाही, हे या पद्धतीचे मोठेपण.

महाराष्ट्रात असे यंत्रकाम किर्लोस्करवाडीसारख्या कारखान्यांतून १९१० नंतर रुजत गेले. कन्नडच्या परिसराला ते जवळचे झाले चिकलठाणा आणि वाळूजच्या औद्योगिक वसाहतींमुळे. वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि सुट्या भागांच्या लहान वर्कशॉपांचे जाळे वाढले. सुट्या भागाची उंची मोजायची तर सरफेस प्लेट, म्हणजे तपासणीची सपाट पाटी, आलीच.

ही प्लेट आता बहुधा दगडाची असते. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई होती, तेव्हा अमेरिकेत डेटन येथील वॉलेस हर्मन यांनी ग्रॅनाइटच्या प्लेट वापरात आणल्या. लोखंडावर काही आदळले की खड्ड्याची कड वर उठते आणि पुढची सगळी मापे बिघडवते. ग्रॅनाइटचा नुसता कपचा उडतो. शिवाय गंज नाही. भोवताली दगडच दगड असून मराठवाड्याचा काळा पाषाण या कामी येत नाही, कारण त्याचे बरेच थर पोकळ्यांनी भरलेले असतात. प्लेटचा काळा ग्रॅनाइट कर्नाटक-तामिळनाडूकडच्या खाणींतला.

घरगुती वर्कशॉपात ग्रॅनाइटचे काम बऱ्याचदा जाड काच भागवते. काचेवर एमरी पेपर पसरून डिझेल पंपाच्या इंजिनाचे हेड घासतात. मग हेडवर सरळ पट्टी उभी-आडवी आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खाली फीलर गेजचे, म्हणजे फट मोजायचे, पातळ पाते जाते का ते पाहतात. कर्ण वगळले तर पीळ सापडत नाही. काच स्वतःच्या वजनानेही वाकते, म्हणून तिच्याखाली सपाट, भक्कम आधार लागतो. जड ग्रॅनाइट प्लेट मात्र तीनच टेकूंवर ठेवतात. चौथा टेकू दिला की ती डुगडुगते किंवा पिळवटते.

उरतो तो उन्हाळा. मीटरभर लांब आणि १५० मिलिमीटर जाड ग्रॅनाइट प्लेटची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा एकच अंश तापली, तरी मधोमध सुमारे ५ मायक्रॉनचा फुगवटा येतो. पत्र्याखालच्या वर्कशॉपात एप्रिल-मे महिन्यांत म्हणूनच बारीक तपासणी सकाळी, पत्रा तापायच्या आत उरकावी लागते.