एकरी उतारा आणि देशाची उलाढाल

श्रोतेहो, स्वित्झर्लंड श्रीमंत की अमेरिका? माणशी उत्पन्न पाहाल तर स्वित्झर्लंड पुढे. पण देशाची एकूण उलाढाल पाहाल तर तो अमेरिकेच्या आसपासही येत नाही. स्वित्झर्लंडची वस्ती सुमारे ९० लाख, अमेरिकेची ३३ कोटींच्या वर. एकूण पीक म्हणजे एकरी उतारा गुणिले एकर, हे शेतकऱ्याला सांगायला नको. देशाचा हिशेबही तसाच: माणशी उत्पादन गुणिले माणसे.

मात्र नुसती माणसे पुष्कळ असून भागत नाही, हे आपल्याला ठाऊकच आहे. मग अमेरिकेने हा ‘उतारा’ वाढवला कसा?

त्यासाठी १८६२ साली चला. देशात यादवी युद्ध पेटले होते. तशात तिथल्या काँग्रेसने तीन कायदे केले. पहिला जमिनीचा: पाच वर्षे राहून जो कसेल, त्याला १६० एकर. दुसरा रेल्वेचा: १० मे १८६९ रोजी युटामध्ये रूळ जुळले आणि पूर्वेकडचे लोहमार्ग पॅसिफिकच्या बाजूला जोडले गेले. तिसरा, गुरुजी, आपल्या कामाचा. प्रत्येक राज्याला सरकारी जमीन द्यायची आणि तिच्या विक्रीतून शेती व यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजे चालवायची. पुढे १८८७ साली त्यांना प्रयोगकेंद्रांची जोड मिळाली आणि १९१४ पासून ते ज्ञान शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेण्याची सोय झाली.

शिवाय एका राज्याने दुसऱ्या राज्याच्या मालावर जकात बसवायची नाही, असा घटनेचाच दंडक. शिकागोत बनलेल्या कापणीयंत्राला सारा देश गिऱ्हाईक! माल जास्त खपला की नगामागे खर्च उतरतो, आणि किंमत उतरली की गिऱ्हाईक आणखी वाढते.

पण वहीची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. ती जमीन मूळच्या जमातींकडून हिसकावलेली होती, आणि दक्षिणेतला कापूस १८६५ पर्यंत गुलामांच्या घामावर पिकत होता.

त्याच युद्धाने तो कापूस अडला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा धो धो वाहिला. शेअरांचा सट्टा माजला. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळला आणि कित्येक कंपन्या व पेढ्या बुडाल्या. भावाने आलेला पैसा भावाबरोबर गेला. तिकडे कॉलेजे मात्र राहिली, वाढली. १९६० साली पंतनगरला आणि १९६८ साली राहुरीला कृषी विद्यापीठ निघाले, ते त्याच धर्तीवर.

तेव्हा गुरुजी, उद्या फळ्यावर तो गुणाकार मांडा. माणसांचा आकडा आपल्याकडे मोठाच आहे. दुसरा आकडा वाढवायचा, तर सुरुवात कोठून करावी, ते मुलांनाच विचारा. वर्गातल्या कोणाचे तरी बोट आपल्याच शाळेकडे वळेल.