वाशिम जिल्ह्यातील मुलींचे माध्यमिक व उच्च शिक्षण

वाशिम जिल्ह्यातील मुलींचे माध्यमिक व उच्च शिक्षण बऱ्याच अंशी गाव आणि शाळा यांमधील अंतरावर अवलंबून आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा प्रामुख्याने ग्रामीण असून २०१८ मध्ये त्याचा समावेश आकांक्षित जिल्ह्यांत झाला.

राज्यात मुलींना बारावीपर्यंतचे शिक्षण मोफत आहे. तथापि अनेक लहान गावांत व तांड्यांवर केवळ प्राथमिक शाळा असते आणि पुढील वर्गांसाठी तालुक्याच्या किंवा बाजाराच्या गावी जावे लागते. मुलींची गळती बहुधा याच टप्प्यावर होते.

==प्रवासाच्या सोयी==
अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण विद्यार्थिनींना एसटीचा मोफत पास मिळतो. मानव विकास कार्यक्रमातून शाळेपासून पाच किलोमीटरच्या परिसरातील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या जातात. मुलींसाठी निळ्या बसगाड्याही धावतात. अर्थात, शाळेच्या वेळेशी न जुळणारी बस पास असूनही निरुपयोगी ठरते.

==स्थलांतर==
मानोरा तालुक्यासह जिल्ह्यात बंजारा समाजाची मोठी वस्ती आहे. ऊसतोडीसाठी दिवाळीच्या सुमारास बाहेर पडणाऱ्या कुटुंबांतील मुलींचे निम्मे शालेय वर्ष बुडते. धाकट्या भावंडांचा सांभाळही त्यांच्याकडेच येतो. अशांसाठी आश्रमशाळा व हंगामी वसतिगृहे उपयुक्त ठरतात.

==महाविद्यालयीन शिक्षण==
जिल्ह्यातील महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत. २०२४-२५ पासून वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील इतर मागासवर्गीय, आर्थिकदृष्ट्या दुर्बल व सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. परगावी राहण्याचा व जेवणाचा खर्च मात्र त्यात येत नाही; त्यासाठी शासकीय वसतिगृहातील प्रवेश निर्णायक ठरतो.