उशिराच्या पावसाचे मंगळवेढे

मंगळवेढ्याची गणना अवर्षणप्रवण भागात होते आणि पावसाचे आकडे पाहिले तर ती चुकीची म्हणता येत नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलीमीटर पाऊस कोसळतो. तोच वारा सह्याद्री उतरून भीमा-माणच्या खोऱ्यात पोचेपर्यंत कोरडा पडतो आणि सोलापूरच्या या पट्ट्याला जेमतेम पाचशेच्या आसपास देऊन जातो. तरीही या गावाला ज्वारीचे कोठार म्हणतात. याची संगती वार्षिक बेरजेत लागत नाही. ती लावायची तर पाऊस कोणत्या महिन्यात पडतो आणि पडलेला पाऊस किती दिवस टिकतो, हे पाहावे लागते.

मृगाचा पाऊस इथे बेभरवशाचा. जून-जुलैत ढग येतात, वारा सुटतो, शिडकावा होतो. सोलापूरकडचा सर्वांत ओला महिना सप्टेंबर, कारण तेव्हा बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टे पश्चिमेकडे सरकतात. म्हणून खोल काळ्या रानात खरीप घेण्याची घाई पूर्वी कोणी करत नसे. पावसाळाभर कुळवाच्या पाळ्या घालून रान मोकळे ठेवायचे, ओल मुरू द्यायची आणि वाफसा पाहून उत्तरा-हस्तात शाळू पेरायचा. मीटरभर खोलीची काळी जमीन पिकाला उपयोगी पडेल अशी दीडशे-दोनशे मिलीमीटर ओल धरून ठेवते. तेवढ्यावर, थंडी आणि दव यांच्या आधाराने, पीक माघ-फाल्गुनापर्यंत उभे राहते. जमिनीला भेगा पडू लागल्या की कोळपे फिरवून त्या बुजवायच्या. उरलेली ओल राखण्याचा हाच उपाय. १९३३ मध्ये सोलापूरला कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले. तिथून पुढे आलेल्या शिफारशींत बांधबंदिस्ती आणि विरळ पेरणीबरोबर वारंवार कोळपणीही होती, म्हणजे शेतकऱ्याच्या हातचीच गोष्ट. मोहोळला निवडलेले मालदांडी ३५-१ हे वाणही स्थानिक शाळवातूनच आलेले.

यावर कोणी विचारील, हवामान इतके जुळवून घेण्याजोगे होते तर दामाजीपंतांची कथा कुठून आली? ही कथा बहामनी काळातल्या दुष्काळात दामाजीपंतांनी बीदरच्या सुलतानाचे इथले कोठार भुकेल्यांसाठी उघडले त्याची, आणि महिपतीने १७६२ च्या ‘भक्तविजया’त ती सविस्तर सांगितली. मला तर तिच्यातच पुरावा दिसतो. चमत्कार आहे तो विठ्ठलाने धान्याची किंमत बीदरला भरण्यात. धान्य काही आकाशातून पडले नाही, ते कोठारात आधीच होते. एका चांगल्या सप्टेंबरचे पीक वाईट वर्षांसाठी साठवून ठेवावे लागते, हे या हवामानाने शिकवलेले. घरोघरची पेवे त्यासाठीच. पण कोठार सुलतानाचे होते आणि उघडणाऱ्याला जिवाची भीती होती, हेही त्याच कथेत आहे. साठा असणे आणि तो भुकेल्याच्या हाती पडणे यांत अंतर असते.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. सगळी भिस्त एकाच उशिराच्या पावसावर असली की तो चुकला की सगळेच चुकते. १८७६ मध्ये सोलापूर जिल्ह्यात नेमके तेच झाले: सुरुवातीचा पाऊस तोकडा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरही जवळजवळ कोरडे. मंगळवेढे तेव्हा सांगली संस्थानात होते, पण ढगांना संस्थानाची हद्द ठाऊक नसते. शिवाय हा सारा युक्तिवाद खोल काळीपुरताच खरा आहे. तालुक्याच्या दक्षिणेकडच्या मुरमाड माळावर ओल धरायला मातीच नाही. तिथे सप्टेंबरचा पाऊस पडला तरी आठ-पंधरा दिवसांत रान कोरडे. त्या गावांना दुष्काळी म्हणणे योग्यच आहे. एकाच तालुक्यात, जवळपास तेवढ्याच पावसात, एकीकडे कोठार आणि दुसरीकडे टँकर दिसतो, त्यामुळे दोष निव्वळ ढगांना देता येत नाही.

उजनी धरण १९८० मध्ये पुरे झाले. त्याचे पाणी जिथे पोचले तिथल्या शेतकऱ्याने ऊस लावला, आणि पैशाच्या हिशेबाने त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. मात्र २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते मंगळवेढ्याच्या ज्वारीला, आणि तिच्या पेरणीला आजही सप्टेंबरच्या पावसाचीच वाट पाहावी लागते.